टाकेमावशींची सही

टाकेमावशी रोज सकाळी साडेनऊच्या सुमारास पडायच्या. बसल्या खुर्चीतच, पण दोन हजार फुटांवरून. समोरच्या पडद्यावरची हिरवी चौकोनी शेतं गरागरा फिरत जवळ यायची, कर्रकन आवाज व्हायचा, पडदा लाल व्हायचा आणि मावशी गार झालेल्या चहाचा घोट घेऊन स्वतःलाच म्हणायच्या, "मेले, पुन्हा ओढलास दांडा!" मग चष्मा पुसायचा, बटण दाबायचं आणि पुन्हा धावपट्टीवर उभं राहायचं.

पडण्याचं कारण नेहमी एकच. विमानाचा वेग कमी झाला, ते खाली जायला लागलं, की माणूस घाबरून दांडा पोटाशी ओढतो, नाक वर काढायला बघतो. आणि तिथेच घात होतो. 'पडलो तरी नाक वर' ही म्हण ज्याने काढली तो बिचारा कधी उडालेला नसणार, नाहीतर म्हण काढायला उरलाच नसता. पडायला लागलं की नाक मुद्दाम खाली घालायचं, वेग घ्यायचा आणि मग वर यायचं. हे मावशींच्या डोक्याला पहिल्याच दिवशी कळलं. हाताला कळायला सात महिने गेले, आणि अजूनही कधीकधी हात विसरायचा.

गेम होता तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा. त्यातले डोंगर म्हणजे तीन रेघांचे त्रिकोण, ढग म्हणजे पांढरे ठोकळे, आणि समुद्र म्हणजे नुसता निळा रंग. हल्लीच्या गेममध्ये म्हणे झाडाचं पान न् पान दिसतं. मावशींना त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. "पानं बघायची तर झाडाखाली बसावं," त्या म्हणायच्या, "त्याला विमान कशाला?" ह्या गेममध्ये अगदी पहिल्या जमान्यातली कापडी पंखांची विमानं होती, आणि मावशींचा कापडी पंखांशी अठ्ठावीस वर्षांचा संबंध होता.

गावाबाहेरच्या ग्लायडर क्लबच्या शेडमध्ये त्या पंख शिवायच्या. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान; लांब दोरीने ओढून वर सोडायचं आणि मग हवेच्या जिवावर तरंगायचं. जुन्या ग्लायडरच्या पंखात आत लाकडाच्या फासळ्या असतात आणि वरून कापड. ते कापड फासळ्यांना हाताने शिवावं लागतं. हातभर लांब सुई पंखाच्या एका अंगाने घालायची, दुसऱ्या अंगाने काढायची, परत आणायची आणि प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ मारायची, म्हणजे एक टाका तुटला तरी शेजारचा उसवत नाही. एका पंखाला असे हजारभर टाके. मग वरून रोगणाचे हात द्यायचे, की कापड ढोलासारखं ताणलं जातं आणि टाके कायमचे झाकले जातात. चोख झालं की कुणाला दिसत नाही असं ते काम. दिसायला लागलं तर समजावं कुणाच्या तरी जिवावर बेतलं. शेडमध्ये त्यांना टाकेमावशी म्हणायचे, ते नाव इतकं चिकटलं की पुढे पोस्टमनसुद्धा त्याच नावाने हाक मारायला लागला.

कामाला लागून तिसरं वर्ष असेल. एका ग्लायडरच्या पुढच्या सीटची गादी उसवली होती आणि मावशी आत बसून ती शिवत होत्या. शिवून झालं तरी दोन मिनिटं तशाच बसून राहिल्या. समोर छोटीशी काच, पायाशी विमान वळवायला दाबायच्या दोन पट्ट्या, हाताशी दांडा. त्यांनी दांडा धरला. तेवढ्यात फोरमन आला, बरोबर दोन मेंबर.

"मावशी, उतरा. ही सीट मेंबर लोकांची."

"मग एकदा मलाही न्या की वर. पंख तर मीच शिवलेत."

फोरमन हसला. मेंबरही हसले. "कामगार विम्यात बसत नाहीत," फोरमन म्हणाला.

मावशी उतरल्या. त्यांना राग आला होता, नुसता राग नाही, डोळ्यांत पाणी आणणारा राग. तो त्यांनी कुणाला दाखवला नाही. नीट घडी घालून ठेवून दिला आणि पुढची पंचवीस वर्षं जपला. त्या काळात त्यांच्या टाक्यांवर बसून शेकडो माणसं वर गेली आणि सुखरूप खाली आली. एकानेही मान वळवून पंखाकडे पाहिलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी क्लबने त्यांना भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरवलं. मावशी म्हणाल्या, "घड्याळ राहू द्या. जन्मभर वेळेवर आले, आता नको. तो कोपऱ्यातला कॉम्प्युटर देता का?" तो कॉम्प्युटर एके काळी नवशिक्यांच्या सरावासाठी घेतलेला, आता लोक त्यावर टोप्या ठेवायचे. ब्याद जातेय म्हणून सगळे खूश झाले. मावशींनी तो हातगाडीवर घालून घरी आणला, सुनेने वायरी जोडल्या, आणि जॉयस्टिकची मूठ फुटली होती तिला मावशींनी पंखाच्या कापडाचा तुकडा गुंडाळून आठ टाके घातले.

शेडमधून एक पुस्तकही त्यांच्याबरोबर आलं होतं, कव्हर गेलेलं, पहिल्यावहिल्या उडणाऱ्यांच्या गोष्टींचं. ते त्यांनी इतक्यांदा वाचलं की पानं आपोआप हव्या त्या जागी उघडायची. सायकलींचं दुकान चालवणारे दोघे भाऊ त्यांचे खास लाडके, कारण त्या भावांनी पंखांचं कापड घरच्या घरी शिलाई मशीनवर शिवलं होतं आणि मग त्याच पंखांवर पालथे पडून ते स्वतःच उडाले होते. एकजण टेकडीवरून पंख बांधून दोन हजार वेळा झेपावला आणि शेवटच्या झेपेत गेला. एकजण भाजलेल्या पायाने, कुबडी टेकत विमानापर्यंत आला आणि होकायंत्राशिवाय समुद्र ओलांडून पलीकडे उतरला. आणि एक बाई. तोच समुद्र एकटीने ओलांडणारी बायकांतली पहिली. पण आदल्याच दिवशी एक भलंमोठं जहाज बुडालं होतं, त्यामुळे वर्तमानपत्रांत तिला जागाच उरली नाही.

ही गोष्ट आली की मावशी पुस्तक मिटून थोडा वेळ खिडकीबाहेर बघायच्या. "छापलं नाही तर नाही," त्या सुनेला म्हणायच्या. "ती गेली ना पलीकडे?" पण त्यांना ते लागलेलं असायचं, हे सुनेला आवाजावरून कळायचं.

तो समुद्र मावशी गेममध्ये रोज ओलांडायच्या. सदतीस मिनिटं. मध्ये थांबायचं बटण होतं, पण ते त्यांनी कधी दाबलं नाही. "त्यांना होतं का बटण?" असा त्यांचा सवाल. दारावर कुणी आलं की आतून आवाज यायचा, "समुद्रावर आहे!" आणि पोस्टमन मुकाट्याने पत्र फटीतून सरकवून निघून जायचा.

घरात ह्या सगळ्याला हरकत फक्त एकाची असू शकली असती, ती म्हणजे चिरंजिवांची. चिरंजीव विमा कंपनीत होते. त्यांना जगात दोनच प्रकारच्या गोष्टी दिसायच्या: झालेले अपघात आणि होऊ घातलेले. पण गेममधून पडून हाड मोडत नाही, आई घरात असते, जिने चढत नाही, म्हणून त्यांनी ह्या नादाला मनातल्या मनात मंजुरी दिली होती.

अशात क्लबला पन्नास वर्षं पूर्ण व्हायला आली. क्लबचं सगळ्यांत पहिलं दोन सीटचं लाकडी ग्लायडर अडगळीत पडलं होतं. ते दुरुस्त करून वर्धापनदिनी उडवायचं असं ठरलं. लाकूडकाम झालं, तारा झाल्या, आणि मग लक्षात आलं की कापड शिवणारं कुणी राहिलेलंच नाही. हल्लीची ग्लायडरं साच्यातून निघतात, त्यांना टाका लागत नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसा क्लबचा सेक्रेटरी मावशींच्या दारात येऊन उभा राहिला. मावशी तेव्हा समुद्रावर होत्या. त्याला एकोणीस मिनिटं जिन्यात थांबावं लागलं.

"शिवते," सगळं ऐकून मावशी म्हणाल्या. "पण पहिल्यांदा वर जाईल तेव्हा पुढच्या सीटवर मी."

"अहो मावशी, तुमच्याशिवाय कोण बसणार? तुम्ही म्हणजे क्लबचा कणा!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. पण मावशींनी त्यावर विश्वास ठेवला, कारण त्यांना ठेवायचा होता.

चार महिने त्या रोज बसने शेडवर गेल्या. बोटं पूर्वीसारखी चालत नव्हती. सकाळी अंगठा वाकायचा नाही, तो गरम पाण्यात बुडवून मऊ करावा लागायचा. पूर्वी दिवसाला एक फासळी सहज व्हायची, आता अर्धी. पण एकही टाका त्यांनी घाईत घातला नाही. कुठे गाठ जरा सैल वाटली की तो टाका कापून पुन्हा. शेवटची गाठ मारली त्या संध्याकाळी त्यांनी पंखावर गाल टेकवला, आणि कुणी बघितलं तर नाही ना म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

आठ दिवसांनी निमंत्रणपत्रिका आली. सुनेने ती मोठ्याने वाचायला घेतली आणि मध्येच थांबली. पहिल्या उड्डाणात पुढच्या सीटवर प्रमुख पाहुणे असणार होते. अगदी तळाला बारीक अक्षरात होतं, 'सर्व संबंधितांचे आभार.'

मावशी तडक क्लबवर गेल्या. सेक्रेटरी खुर्च्यांची मांडणी ठरवत होता.

"समजून घ्या, मावशी," तो म्हणाला. "पाहुणे फार मोठे आहेत. आणि तुमचं हे वय, शिवाय विमा बिमा... तुम्हाला पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय ना!"

मावशी वळल्या आणि बसस्टॉपवर गेल्या. बसमध्ये मात्र त्यांना खिडकीकडे तोंड करून बसावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्या गेममध्ये अकरा वेळा पडल्या, आणि त्यातल्या चार वेळा मुद्दाम.

आता झालं असं, की ग्लायडर वर सोडण्याआधी सरकारी तपासनीस येतो आणि कामाची वही बघतो. प्रत्येक कामापुढे ते करणाऱ्याची सही लागते. आजवर सगळ्या सह्या फोरमन ठोकायचा आणि कुणी विचारायचं नाही. फोरमन आता ह्या जगात नव्हता. कार्यक्रमाला दोन दिवस असताना तपासनीस आला, त्याने वही उघडली आणि सेक्रेटरीने खिशातून पेन काढलं.

"पंख तुम्ही शिवलेत?"

"नाही, पण मी सेक्रेटरी..."

"मग ज्यांनी शिवलेत त्यांची सही घ्या."

आणि इथे सेक्रेटरीची खरी चूक उघडी पडली. फोटोत पंख चकाकताना दिसावेत ह्या घाईत त्याने शिवण संपल्या संपल्या रोगण मारून घेतलं होतं. टाके उघडे असताना तपासनिसाला बोलवायचं असतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. आता आत काय आहे ते एका मावशींनाच माहीत होतं. एक तर सगळं कापड फाडून पुन्हा शिवायचं, नाहीतर मावशींची सही.

वही काखोटीला मारून तो आला तेव्हा मावशी समुद्रावर नव्हत्या. दार सताड उघडं ठेवून वाटच बघत होत्या. अठ्ठावीस वर्षं ती वही त्यांच्या डोळ्यांसमोर हलली होती. तिच्यात काय लागतं हे त्यांना सेक्रेटरीपेक्षा जास्त ठाऊक होतं.

"का हो मावशी, कामात काही कच्चं राहिलंय का?"

"काम चोख आहे. एक टाका हलायचा नाही."

"मग सही करायला काय अडचण?"

"काहीच नाही. पुढच्या सीटवर बसते, पट्टे आवळा, की तिथेच करते."

सेक्रेटरीचा चेहरा उतरला. मग चढला. "ही अडवणूक आहे, मावशी!"

"आहे," मावशी म्हणाल्या. "तुम्ही पंचवीस वर्षं केलीत, मी दोन दिवस करते."

"अहो, पण पाहुणे..."

"ज्यांनी पहिलं विमान केलं ना, ते आपण शिवलेल्या कापडावर आपण आधी आडवे झाले. दुसऱ्याला वर पाठवून खाली टाळ्या पिटत नाही बसले. माझी सही म्हणजे माझा जीव त्या पंखावर. नुसती शाईच हवी असेल तर दुकानात बाटली मिळते, ती ओता वहीवर."

सेक्रेटरी गेला. तो थेट चिरंजिवांच्या ऑफिसात गेला हे संध्याकाळी कळलं, कारण चिरंजीव चपला न काढताच आत आले.

"आई, साठी बुद्धी नाठी म्हणतात ते हेच का? सहासष्ट वर्षांची तू! रक्तदाब आहे, डोळ्याचं ऑपरेशन झालंय. ते पन्नास वर्षांचं लाकूड!"

"लाकूड माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान आहे."

"पडलीस म्हणजे?"

"रोज पडते की."

"ते खेळात! आई, माझ्याकडे रोज फायली येतात गं. लोक पायरीवरून पडून मरतात."

"मग पायऱ्या बंद करा," मावशी म्हणाल्या, आणि मग त्यांचा आवाज खाली आला. "हे बघ. माझ्या पंखांवर बसून सगळे गेले. सेक्रेटरी गेला, मेंबरांची पोरंबाळं गेली, एकदा तर कुणाचा तरी कुत्रा गेला. मी खाली, मान वर करून उभी. मला भीती वाटत नाही असं नाही. पण खाली उभं राहायचा आता मला कंटाळा आलाय. मी मरायला नाही रे चाललेय. मी बघायला चाललेय."

चिरंजिवांनी बायकोकडे पाहिलं. सून भांडी पुसत होती. ती म्हणाली, "पडलात तर काय, हे तुम्ही त्यांना दहादा विचारलंत. नाही गेल्या तर काय, हे एकदा विचारून बघा."

"मी येणार नाही बघायला," चिरंजीव म्हणाले, आणि मग त्यांनी चपला काढल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी मैदानावर खुर्च्या, झेंडे, लाउडस्पीकर, सगळा थाट होता. ग्लायडर गवतावर एका पंखावर कलून बसलं होतं. मावशी सुनेचा ढगळा स्वेटर आणि कॅनव्हासचे बूट घालून आल्या आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीला वळसा घालून सरळ ग्लायडरपाशी गेल्या. तिथे क्लबचा जुना पायलट उभा होता; त्याला सगळे कॅप्टन म्हणायचे. तो मागच्या सीटवर बसून उडवणार होता. मावशींच्या पंखांवर त्याने उभं आयुष्य काढलं होतं.

सेक्रेटरी धावत आला. त्याच्याकडे एक शेवटचा पत्ता होता. "कॅप्टन, ह्यांचं वजन बघा! पुढच्या सीटवर साठ किलो तरी लागतात, नाहीतर नाक वर उचलतं. नियम आहे. मावशी, मी नाही करत, नियम आहे!"

नियम खरा होता. मावशींचं वजन सत्तेचाळीस. कॅप्टनने ओशाळून जमिनीकडे पाहिलं. मावशी मात्र वळल्या, शेडमध्ये गेल्या आणि दोन्ही हातांत दोन जड पिशव्या घेऊन, वाकून, धापा टाकत परत आल्या. हलक्या अंगाच्या शिकाऊ लोकांसाठी सीटखाली ठेवायच्या वाळूच्या पिशव्या होत्या त्या.

"ही सहाची, ही आठची," त्या म्हणाल्या. "मीच शिवल्यात. सत्तेचाळीस आणि चौदा किती, साहेब?"

साहेबांना बेरीज येत होती, पण त्यांनी ती केली नाही. तेवढ्यात प्रमुख पाहुणे हातातला गुच्छ सांभाळत आले. "ह्या कोण?" त्यांनी विचारलं.

"ह्यांनी पंख शिवलेत," कॅप्टन म्हणाला.

पाहुण्यांनी त्या कापडाकडे पाहिलं, बोटाने टकटक केली, आत पोकळ आहे हे त्यांना कळलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रामाणिक भीती येऊन गेली. "छे छे, मग पहिला मान ह्यांचाच," ते घाईघाईने म्हणाले. "मी भाषण करतो." एवढा मोठा माणूस इतक्या चटकन खुर्चीत जाऊन बसलेला मैदानाने पूर्वी पाहिला नसेल.

मावशी पुढच्या सीटवर बसल्या. कॅप्टनने खांद्यावरचे पट्टे आवळले. सहीसाठी पुन्हा आलेल्या तपासनिसाने वही त्यांच्या गुडघ्यावर ठेवली. अठ्ठावीस वर्षांत त्या वहीत त्यांनी पहिल्यांदा सही केली, सावकाश, अक्षर न् अक्षर लावून, आणि पेन सेक्रेटरीच्या हातात दिलं.

तेवढ्यात गर्दीतून चिरंजीव आले. येणार नव्हते ते आले होते, आणि शर्ट उलटा घालून आले होते. "आई, उतर," ते म्हणाले. आवाज रागाचा नव्हता. रडवेला होता.

"उतरणारच आहे. जाऊन आल्यावर."

"अहो, तिथे उभेच आहात तर तो पंख उचला," कॅप्टन मागून ओरडला. "सरळ धरायचा, ग्लायडर हललं की चार पावलं बरोबर पळायचं, मग सोडायचा."

चिरंजीव म्हणजे हुकूम पाळायची सवय असलेला माणूस. चिरंजिवांनी पंखाचं टोक उचललं. लांबवर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला दोरी ओढणारं यंत्र घरघरायला लागलं, गवतातली दोरी सापासारखी सरकून ताठ झाली आणि ग्लायडर निघालं. चिरंजीव चार पावलं नाही, चांगली चाळीस पावलं पळाले, आणि पंख हातातून निसटल्यावरसुद्धा हात तसाच वर धरून पळत राहिले.

मावशींची पाठ सीटला चिकटली. जमीन खाली गेली नाही, मागे पडली. समोर नुसतं आकाश उभं राहिलं. गेममध्ये हे नव्हतं. गेममध्ये वारा नव्हता, लाकडाची करकर नव्हती, डोळ्यांतून निघून कानाकडे जाणारं पाणी नव्हतं. मावशी घाबरल्या. अगदी लहान मुलीसारख्या घाबरल्या, आणि दोन्ही हातांनी सीटची कड धरून मनात टाके मोजायला लागल्या. मग खटकन दोरी सुटली आणि सगळं शांत झालं.

"कसं वाटतंय?" मागून आवाज आला.

मावशींनी उजवीकडे पाहिलं. पंखावरून ऊन आरपार येत होतं, आणि कापडाच्या आत फासळ्यांच्या ओळी आणि टाक्यांच्या बारीक सावल्या दिसत होत्या. खालून कधीच दिसल्या नव्हत्या त्या. एकही हलत नव्हती.

"दांडा धरता का?" कॅप्टन म्हणाला. "एक फेरी मारू आणि उतरू. सहा मिनिटं दिलीयेत आपल्याला."

मावशींनी दांडा धरला आणि सवयीने समोरच्या तबकड्यांवर नजर खिळवली. पडद्यावर तेच एक भरवशाचं असायचं. "तिकडे नको," कॅप्टन म्हणाला, "बाहेर बघा." त्यांनी बाहेर पाहिलं. दोन-तीनदा नाक डगमगलं, मग स्थिर झालं. मागे कॅप्टनने पाय सैल सोडले, ते त्यांना पायाखालच्या पट्ट्यांवरून कळलं.

आणि मग उजवा पंख कुणीतरी खालून हळूच उचलल्यासारखा झाला. वर चढणारी गरम हवा. एरवी माणूस अशा वेळी उलट्या बाजूला पळतो. मावशींनी पंख उचलला गेला त्याच बाजूला वळण घेतलं, घट्ट, आणि धरून ठेवलं. उंचीचा काटा थरथरला आणि वर चढायला लागला. एक चक्कर, दोन, पाच. मैदान एवढंसं झालं. खुर्च्या दिसेनाशा झाल्या. मावशी हसत होत्या, मोठ्याने, आणि आपण हसतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पंचवीस मिनिटांनी रेडिओ खरखरला. सेक्रेटरी होता. "कॅप्टन, उतरा! भाषण संपलंय, पाहुणे खोळंबलेत! दुसरा कार्यक्रम अडलाय! त्या बाईंना म्हणावं पुरे आता, खाली या!"

कॅप्टनने रेडिओचा माइक पुढे मावशींच्या खांद्यावरून दिला. "माझं काम उडवायचं," तो म्हणाला, "आणि उडवताय तुम्ही. काय सांगायचं ते तुम्हीच सांगा."

मावशींनी डाव्या हातात माइक घेतला, बटण दाबलं.

"साहेब, हवा चांगली लागलीय," त्या म्हणाल्या. "पाहुण्यांना पहिल्या रांगेतली माझी खुर्ची द्या. मी अजून वर चाललेय."